भूल देणाऱ्यापासून काही लपवू नये

शस्त्रक्रियेची गोष्ट घरात निघाली की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न सुरीविषयी नसतो, भुलेविषयी असतो. "शुद्धीवर आलोच नाही तर?" गतवर्षी आमच्या मातोश्रींनीही हेच विचारले. त्यांच्या पित्ताशयातील खडे काढावयाचे होते. पहाटे त्या कासावीस झालेल्या पाहून वहिनींनी मायेपोटी अर्धा कप चहा व दोन बिस्किटे दिली. भूलतज्ज्ञांनी विचारताच मातोश्रींनी ते सांगून टाकले आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर गेली. आम्हांला राग आला. कारण समजले तेव्हा तो ओसरला.

आम्हां हैदराबादकरांना हा विषय परका नाही. १८४६ साली बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरचा जाहीर प्रयोग केला. पुढील वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, या वादाचा निकाल लावण्यासाठी १८८८ व १८८९ साली निजामांच्या आश्रयाने, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने, आपल्याच शहरी दोन आयोग बसले. दोष श्वासाचा, हृदयाचा नव्हे, असे त्यांनी ठरविले. पुढे गुडमन लेव्ही यांच्या प्रयोगांनी हृदयासही धोका असल्याचे दाखवून दिले. याच शहरात भूल देणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांची गणना जगातील आद्य महिला भूलतज्ज्ञांत होते.

भूल म्हणजे झोप नव्हे. झोपलेला माणूस हाकेने जागा होतो. भुलेतला सुरीनेही होत नाही. शिरेतून दिलेले प्रोपोफॉल किंवा श्वासावाटे दिलेला सेव्होफ्लुरेन वायू मेंदूतील पेशींचा परस्परसंवाद मंदावतो, म्हणून जाणीव आणि स्मृती दोन्ही हरपतात. वेदना शमविण्याचे व स्नायू सैल करण्याचे औषध वेगळे असते. स्नायू सैल झाले की श्वासही यंत्राने द्यावा लागतो. म्हणूनच भूलतज्ज्ञ सुई टोचून निघून जात नाहीत. नाडी, रक्तदाब व रक्तातील प्राणवायू यांवर नजर ठेवून ते अखेरपर्यंत उशाशी असतात.

आता चहाचे कारण. भुलेत ठसका व गिळणे या शरीराच्या राखणदारांनाही गुंगी येते. पोटातील अन्न घशाशी येऊन फुप्फुसात उतरले तर जीवावर बेतते. म्हणून सर्वसाधारणपणे हलका आहार व दूध सहा तास आधी आणि निव्वळ पाणी दोन तास आधी बंद करावयाचे असते. दुधाचा चहा हा आहारच होय!

भूल कोणी टाळावी? मुळीच देता येत नाही असे रुग्ण फार थोडे. तथापि, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असणे, आटोक्यात नसलेला दमा, मुलांचा ताप व कफ यांसारख्या प्रसंगी तातडी नसेल तर थांबणे श्रेयस्कर. काही कुटुंबांत विशिष्ट भूलवायूंनी ताप अकस्मात भडकण्याचा आनुवंशिक दोष असतो. त्यांना ते वायू वर्ज्य, परंतु प्रोपोफॉल चालते. म्हणून नात्यात कोणास भुलेचा त्रास झाला होता काय, हे आवर्जून सांगावे. झोपेत श्वास अडकणे, चालू औषधे, ॲलर्जी, हलणारा दात, गर्भाची शक्यता, विडी, तंबाखू, मद्य यांपैकी काहीही संकोचाने दडवू नये. पुष्कळदा पाठीच्या कण्यातून किंवा केवळ त्या भागापुरती भूल देऊनही काम भागते. तो निर्णय तज्ज्ञांचा.

दुसऱ्या दिवशी मातोश्री उपाशीपोटी आत गेल्या. शुद्धीवर येताच त्यांनी क्षीण स्वरात विचारले, "आता तरी चहा मिळेल का?" वहिनींनी डोळे पुसले आणि या खेपेस आधी परिचारिकेस विचारून घेतले.