मत्स्यपेटीचा थांबलेला फिल्टर

शोभेचे मासे पाळण्याचा छंद भारतातील शहरांत आता चांगलाच रुजला आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा काचेआड पोहणारे रंगीत मासे हे पुष्कळांना नवलच होते. आज कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरील बाजारात किंवा चेन्नईच्या कोळत्तूर भागातील दुकानांत मासे, पाणवनस्पती, पेट्या आणि त्यांची यंत्रसामग्री सहज मिळते. पेटी घरी येते, तिच्याबरोबर फिल्टर येतो, आणि तो महिनोन् महिने बिनतक्रार चालतो. मग एके दिवशी वीज जाते. तास-दोन तासांनी ती परत येते, दिवे लागतात, पंखे फिरू लागतात; परंतु फिल्टर मात्र नुसता गुणगुणत राहतो, किंवा तेवढाही आवाज करीत नाही.

अशा वेळी घरातील माणसे बहुधा विजेला दोष देतात. परत येणाऱ्या विजेच्या धक्क्याने यंत्र जळले, असा निष्कर्ष काढून नवा फिल्टर आणला जातो. क्वचित ते खरेही असते. परंतु बहुतेक वेळा यंत्र शाबूत असते, आणि दोष असतो तो वीज जाण्याच्या कितीतरी आधीपासून त्यात साचत आलेला असतो. वीज जाण्याने तो निर्माण होत नाही, केवळ उघड होतो. असे का घडते, हे समजण्यासाठी या लहानशा पंपाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

पंपाच्या अंगात तांब्याच्या तारेचे वेटोळे राळेसारख्या टणक द्रव्यात कायमचे बंद केलेले असते. त्याच्या मधल्या पोकळीत कायम चुंबकाचा एक लहान दंडगोल बारीक कण्यावर फिरतो, आणि त्या चुंबकाच्या टोकाला पाणी ढकलणारी पाती असतात. पाती व चुंबक मिळून झालेल्या भागाला इम्पेलर म्हणतात. साऱ्या पंपात फिरणारा भाग एवढा एकच. आपल्याकडील घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे हा चुंबक मिनिटाला ३,००० फेऱ्या करतो. एकदा ही गती मिळाली की विजेच्या तालाबरोबर तो फिरत राहतो. खरी कसोटी आरंभाची असते. स्थिर असलेला चुंबक प्रथम मागेपुढे थरथरतो, ती थरथर वाढत जाते, आणि एखाद्या अनुकूल क्षणी तो विजेच्या तालात सापडून फिरू लागतो. या पहिल्या हेलकाव्यात त्याच्यावर पाण्याचा भार पडू नये म्हणून पाती आणि चुंबक यांच्यामध्ये मुद्दाम थोडी सैल जागा ठेवलेली असते. बोटाने फिरवून पाहिल्यास पाती किंचित हलतात, तो दोष नव्हे. ती सोय आहे.

आता या पोकळीत महिनोन् महिने बुळबुळीत थर जमत गेला, वाळूचा कण अडकला, किंवा कठीण पाण्यातील क्षारांचा पांढरा खवटा कण्यावर चढला, तर काय होईल? फिरता चुंबक आपल्या वेगाच्या बळावर हा विरोध सोशीत राहतो. पाण्याची धार थोडी मंदावते, एवढेच. ती दिवसेंदिवस इतकी हळूहळू मंदावते की रोज पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. परंतु एकदा तो थांबला की पुन्हा सुरू होण्याइतके बळ त्याच्यात उरलेले नसते. वीज कमी दाबाने आली तर ते बळ आणखी घटते. चौकोनी लहरींची वीज देणारे काही स्वस्त इन्व्हर्टरही अशा पंपांना मानवत नाहीत. पंप त्यांच्यावर गुरगुरतो आणि तापतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक नियम कटाक्षाने पाळावा. पाण्यात हात घालण्याआधी पेटीतील प्रत्येक विद्युत उपकरणाची पिन सॉकेटमधून काढून ठेवावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. तारेला सॉकेटच्या खाली झोळ दिलेला असावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटात न शिरता झोळाच्या तळाशी ठिबकून पडते.

त्यानंतर दोष शोधण्याचे पहिले साधन म्हणजे कान. अडलेला फिल्टर साधारणतः चार प्रकारे बोलतो.

पहिला प्रकार संपूर्ण शांततेचा. येथे प्रथम सॉकेट, फ्यूज आणि पिन तपासावी. त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून पाहणे हा सोपा उपाय आहे. वीज येत आहे आणि पंपाला हात लावून किंचितही कंप जाणवत नाही, असे ठरले, तर वेटोळे तुटले किंवा जळले असण्याचा संभव मोठा. ते राळेत बंद असल्यामुळे दुरुस्त करता येत नाही. पंप बदलावा लागतो. नवा फिल्टर आणण्याचा प्रसंग खऱ्या अर्थाने येथेच येतो.

दुसरा प्रकार गुणगुणण्याचा. वीज पोहोचली आहे, चुंबक थरथरत आहे, पण फिरत नाही. अशा स्थितीत पंप चालू ठेवू नये, कारण वेटोळे तापते. पिन काढून पंपाचे तोंड उघडावे आणि इम्पेलर अलगद बाहेर ओढावा. शेवाळाचा तंतू, वनस्पतीचे मूळ, वाळूचा खडा, कधी एखादी इवलीशी गोगलगाय तेथे सापडते. पोकळी बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने साफ करावी. खवटा चढला असेल तर तो भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा-एक तास बुडवून मग स्वच्छ धुवावा. साबण मात्र वापरू नये. कणा पुष्कळदा चिनी मातीसारख्या ठिसूळ द्रव्याचा असतो. तो मोडला किंवा झिजला असेल, अथवा चुंबक फुगून पोकळीच्या भिंतीला घासत असेल, तर तेवढा भाग नवा घ्यावा. कण्याच्या टोकांना असलेल्या लहान रबरी टोप्या धुताना मोरीत वाहून जातात, आणि मग चांगला पंपही खडखडू लागतो. म्हणून धुणे नेहमी एखाद्या भांड्यात करावे.

तिसरा प्रकार खळखळण्याचा. हा हवेचा आवाज होय. हा पंप पाणी ढकलण्यासाठी घडवलेला असतो. पात्यांच्या कोंडाळ्यात हवा शिरली की पाती फिरतात, पण त्यांना धरायला पाणी नसते. पेटीत बुडवलेल्या फिल्टरला पाण्याखालीच इकडेतिकडे कलते केले, की बुडबुडे निघून जातात. पेटीच्या काठावर टांगलेल्या फिल्टरची गोष्ट निराळी. वीज गेल्यावर त्याच्या कप्प्यातील पाणी शोषनळीवाटे पेटीत परत उतरू शकते, विशेषतः पेटीतील पातळी खाली गेलेली असेल तर. वीज येते तेव्हा पाती कोरडी असतात. उपाय एवढाच की, पेटीतील पाणी मगाने त्या कप्प्यात काठोकाठ ओतावे आणि मग पिन लावावी. पेटीची पातळी नेहमी भरलेली ठेवली तर हा प्रसंग फारसा येत नाही.

पेटीखाली कपाटात ठेवलेला कॅनिस्टर फिल्टर हा यातील सर्वांत हट्टी. त्यात पाणी उतरते ते वक्रनलिकेच्या तत्त्वाने. पेटीतील पातळी शोषनळीच्या तोंडाखाली गेली, झाकणाची रबरी रिंग सैल झाली, किंवा नळीला मध्ये उंचवटा येऊन तेथे हवा अडकली, तर ही साखळी तुटते. अशा वेळी दोन्ही तोट्या उघड्या आहेत याची खात्री करावी, नळ्या सरळ व शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात, फिल्टर पाण्याने पूर्ण भरू द्यावा आणि त्यानंतरच वीज द्यावी. सुरू झाल्यावर डबा हळुवार हलवला की अडकलेली हवा निघून जाते. नळी तोंडाने ओढणे मात्र टाळावे, कारण ते पाणी पोटात जाण्याजोगे नसते.

चौथा प्रकार फसवा. आवाज नेहमीचा आहे, परंतु धार नाही. येथे स्पंज गच्च भरला असेल, शोषनळीची जाळी पानांनी बुजली असेल, तोटी बंद राहिली असेल, किंवा पाती चुंबकापासून सुटून चुंबक एकटाच फिरत असेल. हवेच्या पंपावर चालणाऱ्या स्पंज फिल्टरमध्ये बहुधा पंपाचा रबरी पडदा फाटलेला असतो. हा पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल, तर वीज जाताच पेटीतील पाणी हवेच्या नळीतून उलटे त्यात उतरू शकते. पंप उंचावर ठेवावा, नाहीतर नळीत एकमार्गी झडप बसवावी.

येथवरचा विचार यंत्राचा झाला. परंतु फिल्टर हे केवळ यंत्र नव्हे, तेथे वस्तीही असते. १८५० च्या सुमारास लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पंपाविना समतोल साधून दाखवला होता. तेथे मासे मोजकेच होते. आजच्या पेट्यांत त्याच्या अनेक पट मासे असतात, आणि त्यांच्या मलमूत्रातील अमोनिया काढून टाकण्याचे काम फिल्टरमधील जीवाणूंवर येते. हे काम सजीवांचे आहे, असे श्लोसिंग आणि म्युन्त्स या फ्रेंच संशोधकांनी १८७७ मध्ये दाखवले. वाळूतून झिरपणाऱ्या सांडपाण्यात क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ती क्रिया थांबते, हा त्यांचा पुरावा होता. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करण्यासाठी जीवाणूंचे दोन निरनिराळे वर्ग लागतात, असे पुढे दीर्घकाळ मानले गेले. ही दोन्ही कामे एकटाच करणारा जीवाणू २०१५ मध्ये उजेडात आला. अमोनिया व नायट्राइट दोन्ही माशांना विषारी, तर नायट्रेट त्या मानाने सौम्य. या जीवाणूंना प्राणवायू लागतो, आणि तो त्यांच्यापर्यंत वाहत्या पाण्यातूनच येतो.

पंप थांबला की हा पुरवठा थांबतो. बंद डब्याच्या कॅनिस्टरमध्ये उरलेला प्राणवायू काही तासांतच संपुष्टात येतो, विशेषतः उन्हाळ्यात. कारण पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यानंतर आतील गाळ कुजू लागतो. म्हणून फिल्टर किती वेळ बंद होता, ही माहिती दोषाच्या कारणाइतकीच महत्त्वाची आहे. तासाभराचा खंड चिंतेचा नसतो. परंतु रात्रभर बंद राहिलेला कॅनिस्टर दुरुस्त होताच तसाच सुरू करणे म्हणजे आतील कुजके पाणी माशांच्या अंगावर सोडणे होय. अशा वेळी प्रथम डब्यातील पाणी फेकून द्यावे. त्याला कुजलेल्या अंड्यांसारखी दुर्गंधी येत असेल तर शंकेला जागाच नाही. स्पंज व इतर माध्यमे पेटीतून काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळून घ्यावीत. नळाखाली ती धुऊ नयेत, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन उरलेली वस्तीही मारून टाकते, आणि ती पुन्हा पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागतात.

फिल्टर बंद असेतोवर माशांना खाद्य घालू नये. निरोगी मोठे मासे एक-दोन दिवस सहज उपाशी राहू शकतात, आणि खाद्य कमी म्हणजे अमोनिया कमी. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले तर प्राणवायू अपुरा पडत आहे, असे समजावे. मगाने पाणी काढून थोड्या उंचीवरून पुन्हा पेटीत ओतत राहणे हा बिनखर्चाचा व परिणामकारक उपाय आहे. बॅटरीवर चालणारा लहान हवापंप जवळ असल्यास अधिक चांगले. गुरामी आणि फायटर हे मासे वरची हवा घेऊ शकतात. सोनमाशांना ती सोय नाही. फिल्टर सुरू झाल्यावरही काही दिवस खाद्य बेताचे ठेवावे, अमोनिया व नायट्राइटची चाचणी करावी, आणि गरज दिसल्यास क्लोरीनमुक्त केलेल्या पाण्याने पेटीतील पाव भाग पाणी बदलावे.

या साऱ्यातून निघणारा सर्वांत उपयुक्त धडा मात्र दुरुस्तीचा नाही. दोष चालत्या पंपात दडून राहतो आणि थांबताना प्रकट होतो, हे एकदा ध्यानात आले की वीज जाण्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. महिन्यातून एकदा, घरात माणसे असताना आणि दुकाने उघडी असताना, पंप आपणहून दोन मिनिटे बंद करावा व पुन्हा सुरू करावा. तो पहिल्याच क्षणी फिरला तर ठीक. थोडा अडखळला, गुणगुणला, दोनदा प्रयत्न करावा लागला, तर त्याच दिवशी इम्पेलर काढून स्वच्छ करावा. एक जादा इम्पेलर आणि कणा फिल्टरच्या खोक्यातच ठेवून द्यावा. मध्यरात्री वीज जाते आणि येते तेव्हा घर झोपलेले असते; त्या वेळी पंप आपोआप सुरू होतो की नाही, यावर पेटीतील माशांचा प्राण अवलंबून असतो. महिन्यातील ती दोन मिनिटे त्यांच्या हिशेबी फार मोलाची आहेत.