रंगापूर्वीची मेहनत

दिवाळी जवळ आली की निपाणी, बेळगाव, कोल्हापूर या आपल्या भागातील मुले अंगणात दगडमातीचे किल्ले रचू लागतात आणि कुंभारवाड्यातून मावळे, भालदार, तोफा व सिंहासनावरील शिवाजी महाराज घरोघरी येतात. वीतभरही उंची नसलेल्या या चित्रांचे रंग सर्वांच्या डोळ्यांत भरतात. परंतु त्या रंगाखाली जी मेहनत दडलेली असते, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. धान्याच्या घाऊक व्यापारात जन्म घालविलेल्या माणसाने या विषयावर लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. पण साफ केलेला माल आणि वरवर सजविलेला माल यांतील भेद ओळखणे, हाच आपल्या धंद्याचा पाया आहे. म्हणून हे चार शब्द.

मातीचे चित्र बहुधा दोन भागांच्या साच्यात घडविले जाते. साच्याचे दोन्ही भाग जुळतात तेथे चित्राच्या दोन्ही अंगांस मातीची एक बारीक कड उठते. चित्र अर्धे ओले असतानाच ही कड बांबूच्या चपट्या पट्टीने अगर बोथट सुरीने उतरवावी लागते, आणि मग भिजविलेल्या बोटाने वा फडक्याने ती जागा सारखी करावी लागते. कानाच्या पाळीत, तलवारीच्या मुठीत किंवा पागोट्याच्या पिळात अडकलेली माती दाभणाने अथवा जाड सुईने काढतात. त्यानंतर चित्र सावलीत वाळू द्यावयाचे. उन्हात घाई केली तर माती असमान आकसते व तडे जातात. तडा गेलाच, तर प्रथम ती जागा ओली करावी आणि मग त्याच मातीचा पातळ लगदा भरावा. कोरड्या जागेवर भरलेली माती पुढे सुटून पडते.

पूर्ण वाळल्यावर काचकागदाची पाळी येते. आधी जाड, मग बारीक, हा क्रम मोडू नये. कागदाचा लहान तुकडा काडीस गुंडाळला म्हणजे तो हातापायांच्या बेचक्यांत पोचतो. शेवटी दाढीच्या जुन्या मऊ ब्रशाने सर्व धूळ झाडावयाची, कारण धूळ राहिली तर रंग मातीस न धरता धुळीस धरतो. मग खडूच्या भुकटीचे डिंक मिसळलेले पांढरे अस्तर द्यावयाचे. हे अस्तर खरा परीक्षक होय. नजरेतून निसटलेला प्रत्येक ओरखडा त्यावर उघडा पडतो. प्लास्टरच्या चित्रांस आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. ती साच्यास चिकटू नयेत म्हणून आत तेल लावलेले असते. तो तेलकटपणा काढल्याशिवाय पाण्यातील रंग नीट बसत नाही.

मुलांच्या हिताची एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असे नियम केंद्र सरकारने २०१६ साली केले. त्यापूर्वी तेलरंगाने रंगविलेली खेळणी असतील, तर त्यांचा जुना रंग कोरडा घासू नये व ते काम मुलांच्या हाती देऊ नये. ती धूळ पोटात जाणे घातक आहे.

ही पूर्वतयारी केवळ मातीच्याच कामास लागते असे नाही. आपल्याच राज्यातील कोप्पळ जिल्ह्यात किन्नाळ येथे हलक्या लाकडाच्या मूर्ती होतात. तेथील कारागीर तागाच्या चिंध्यांची पूड, लाकडाचा भुसा व चिंचोक्यांची खळ एकत्र करून मूर्तीच्या सर्वांगास लेप देतात, त्यावर कापसाचे तुकडे चिकटवितात, मग खड्यांच्या पुडीचा लेप देतात, आणि त्यानंतरच कुंचला उचलतात. इंग्लंडात विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ साली शिशाचे पोकळ सैनिक ओतण्यास आरंभ केला. साच्यात ओतलेल्या अशा धातूच्या सैनिकांच्या अंगावरही जोडाची कड उठते, आणि रंगापूर्वी ती कानशीने काढावीच लागते. देश, माल व हत्यार बदलले तरी नियम एकच आहे.

हा नियम मी मात्र नुकसान सोसून शिकलो. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतील मुलांच्या किल्ल्यांसाठी दोनशे मावळे आणण्याचे काम मी अंगावर घेतले होते. कुंभारदादांनी दोन भाव सांगितले; साफ करून, अस्तर देऊन हवे असतील तर नगास एक रुपया अधिक आणि आठ दिवसांची मुदत. मी म्हणालो, “दादा, घासायचे कसले पैसे? वरून रंगच तर लागणार!” आणि कच्चा माल उचलला. परतीचा पाऊस नुकताच सरला होता, मावळे आतून ओलेच होते. मुलांनी हौसेने रंगविले. चौथ्या दिवशी आतल्या ओलीने रंगाचे पोपडे उडू लागले आणि प्रत्येक मावळ्याच्या अंगावरची जोडाची कड व्रणासारखी उघडी पडली. एक लहान मुलगा आपला मावळा घेऊन माझ्या पेढीवर आला व म्हणाला, “काका, ह्याला लागलंय.” मला उत्तर सुचेना.

त्या रात्री हिशेबाची वही लिहिताना माझा हात थबकला. पोत्यातून वानगी काढून खडे व मातेरे दिसले की मी शेतकऱ्याच्या पट्टीतून काटत असे. चाळणी मारणाऱ्या बायांची मजुरी मालावर चढवीत असे. धान्य साफ करण्याचे मोल मला पैशापर्यंत ठाऊक होते. तेच मोल दुसऱ्याने मागितले तेव्हा मात्र ते मला फुकटचे वाटले. दुसऱ्या वर्षी मी श्रावणातच कुंभारदादांकडे गेलो आणि साफ केलेल्या मावळ्यांचा पूर्ण भाव आगाऊ दिला. ते एवढेच म्हणाले, “शेठ, आता रंग बसेल.”

व्यापारी बंधूंनो, येत्या दिवाळीस नातवंडांसाठी चित्र घ्याल तेव्हा ते क्षणभर हातात धरून त्याच्या कुशीवरून बोट फिरवावे. कड लागली नाही, तर कोणीतरी तेथे आपला वेळ खर्ची घातला आहे असे समजावे, आणि त्या वेळेची किंमत घासाघीस न करता द्यावी.