बाखच्या खेळातल्या गाळलेल्या जागा

२१ मार्च २०१९ रोजी, जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या सन्मानार्थ, गूगलने एक सुरेख खेळ मांडला. आपण दोन मेझरची (मेझर म्हणजे तालाचा एक खंड) साधी धून लिहायची. संगणक तिच्याखाली आणखी तीन आवाज जोडून हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) तयार करतो.

बाखच्या साठवलेल्या रचनांतले तुकडे उचलून तो चिकटवतो, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात या खेळामागच्या कोकोनेट नावाच्या प्रारूपाला (उदाहरणांवरून शिकणारा गणिती आराखडा) बाखच्या ३०६ रचना दाखवल्या, त्याही काही स्वर पुसून. शाळेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नासारखेच हे. आजूबाजूचे पाहून तिथे काय शोभेल ते ओळखायचे. कोणत्या स्वरासोबत कोणता स्वर येण्याची शक्यता किती, हे ते अशा सरावातून शिकले. नवी धून मिळाली की ते स्वर भरते, काही खोडते, पुन्हा भरते. म्हणून त्याच धुनेला दुसऱ्या वेळी वेगळी साथ मिळू शकते.

मुलांसोबत भूप रागातली एखादी ओळ जरूर देऊन पाहा. कोकोनेटने फक्त बाख ऐकला आहे, राग नाही. त्यामुळे भूपात वर्ज्य असलेले मध्यम आणि निषादही साथीत येऊ शकतात.