महाळुंग्याच्या नकाशात राहून गेलेलं मैदान

पुण्याहून नाशिक रस्त्याने चाकणला आलं आणि तळेगाव चौकात डावीकडे वळलं की थोड्याच अंतरावर महाळुंगे इंगळे लागतं. कंपन्यांच्या भिंती, कंटेनरच्या रांगा आणि गावाकडच्या बाजूला एकाला एक चिकटून उठलेल्या खोल्यांच्या इमारती. या पट्ट्याचा इतिहास नेहमी गुंतवणुकीच्या आणि वाहनांच्या आकड्यांत सांगितला जातो. मला तो वेगळ्या बाजूने पाहायचा आहे. पाळी सुटल्यावर कामगार कुठे जातो? त्याची पोरं कुठे खेळतात? बायकांना घराबाहेर घटकाभर बसायला जागा कुठे आहे? गेल्या सत्तर वर्षांत या प्रश्नांची उत्तरं पिंपरीहून चाकणकडे येता येता आक्रसत गेली आहेत.

सुरुवात चांगली झाली होती. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हा कारखान्याबरोबर वसाहत, शाळा आणि मैदानही आलं. कामगार माणूस आहे आणि त्याला कुटुंब आहे, हे तेव्हाच्या आखणीत गृहीत होतं. पुढे टेल्को (आजची टाटा मोटर्स) आली. तिचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी त्या उजाड माळावर हजारो झाडं लावून घेतली, तळं तयार करून घेतलं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या त्याच मैदानावर जानेवारी 2016 मध्ये एकोणनव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. पन्नासच्या दशकात कोणीतरी जागा मोकळी सोडली, म्हणून साठ वर्षांनी एवढा मांडव घालता आला.

4 मार्च 1970 रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची नगरपालिका झाली, 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं आणि 1982 मध्ये महानगरपालिका. प्राधिकरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी साडेबारा टक्के परताव्यासाठी दशकानुदशकं खेटे घातले, ते दुःख खरं आहे आणि ते झाकून प्राधिकरणाचं कौतुक करता येणार नाही. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. पेठा आखताना घरांच्या बरोबरीने उद्यान, शाळा आणि बाजाराच्या जागा कागदावर आधी आल्या. निगडीत दुर्गा टेकडी लोकांना फिरायला राहिली. महापालिकेने चिंचवडला प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरला आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीत अंकुशराव लांडगे नाट्यगृह बांधलं. नेहरूनगरला अण्णासाहेब मगरांच्या नावाचं क्रीडांगण झालं, शेजारी हॉकीचं मैदान झालं. देखभालीबद्दल तक्रारी भरपूर आहेत, पण तक्रार करायला वास्तू तरी आहेत.

आता महाळुंग्याकडे. कारखाने येण्याआधी या भागातल्या गावांना विरंगुळ्याच्या सोयी नव्हत्या असं कोणी म्हणेल तर ते चूक आहे. तालीम होती, देवळाचा सभामंडप होता, पार होता, काकड्याला आणि भजनाला माणसं जमत. जत्रेला तमाशाचा फड येई, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा. आणि खेड तालुक्याचा जीव की प्राण म्हणजे बैलगाडा. शर्यतीचा घाट ही चढावर राखलेली, वर्षभर सांभाळलेली गावाची जागा असते. घाटावर गाडा भिर्रर्र सुटला की मागे फक्त धुरळा राहतो, आणि निवेदकाच्या आरोळीने माळ हलतो. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह मोकळीक दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. बैलांच्या छळाचा मुद्दा गंभीर आहे, अटी पाळल्याच पाहिजेत. पण मधल्या सात वर्षांत घाट ओस पडले, तेव्हा गावाकडे दुसरं कोणतंही सामाईक मैदान शिल्लक नव्हतं.

नव्वदच्या दशकात सातबाऱ्यावर एमआयडीसीच्या संपादनाचे शिक्के पडायला लागले. दशकाच्या अखेरीस बजाज ऑटोचा प्रकल्प महाळुंग्यात सुरू झाला. पुढच्या टप्प्यांत निघोजे, खराबवाडी, कुरुळीकडे फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र आले, आणि सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने आले. एमआयडीसीच्या आखणीत मोकळ्या जागा असतात आणि सुविधा भूखंडही असतात. पण सुविधा म्हणजे बँक, अग्निशमन केंद्र, उपाहारगृह. ती आखणी कारखान्यासाठी असते. कामगार रात्री झोपतो कुठे, हा प्रश्न एमआयडीसीच्या कुंपणाबाहेरचा मानला गेला. या पट्ट्यातल्या आजच्या सगळ्या अडचणींचं मूळ मला इथेच दिसतं.

कामगार अर्थातच गावात झोपला. जमिनीचा मोबदला ज्यांना मिळाला त्यांनी खोल्या काढल्या. लातूर, नांदेड, बुलढाण्याहून, बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेली पोरं एका खोलीत चौघं-सहा जण राहू लागली. बरेचसे कंत्राटी, अकरा महिन्यांनी ब्रेक. इथल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या संध्याकाळी हमरस्त्याच्या कडेने चालून पाहावं. दुकानांच्या पायऱ्यांवर, बंद शटरसमोर, दुभाजकाच्या कठड्यावर पोरं ओळीने बसलेली असतात, हातात मोबाईल आणि कागदातली भेळ. शेजारून ट्रेलर जातात, अंगावर धूळ उडते, पण खोलीत सहाजणांचा उकाडा असतो म्हणून ती उठत नाहीत. ज्यांचं कुटुंब सोबत आहे त्यांची आणखी एक अडचण. बापाला सुट्टी गुरुवारी, पोरांच्या शाळेला रविवारी. म्हणजे आठवड्यातून एक दिवसही सगळं घर मिळून बाहेर पडत नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळी पायी जाता येईल अशी बाग जवळ असती, तर हे दुखणं निम्मं कमी झालं असतं.

लोकांनी आपापली वाट काढली, तेही नोंदवायला हवं. देहूचा इंद्रायणीकाठ, भंडारा डोंगर, आळंदी आणि वासुलीजवळचा भामचंद्र डोंगर ही कामगारांची खरी फिरायची ठिकाणं आहेत. तुकोबांच्या साधनेची जागा म्हणून भामचंद्राला वारकरी मानतात. त्याच्या पायथ्याशी औद्योगिक संपादन येऊ लागलं तेव्हा त्यांनी जोर लावून विरोध केला. छठपूजेला मोशीच्या इंद्रायणी घाटावर उत्तर भारतीय कुटुंबं लोटतात. वाटप न झालेल्या भूखंडांवर टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, भूखंडाला कुंपण पडलं की संघ पुढच्या माळावर सरकतो. आता तासावर भाड्याने मिळणारी टर्फंही निघाली आहेत, पण कंत्राटी पोराला ते भाडं रोज परवडणारं नाही.

2020 मध्ये सार्वजनिक जागेची किंमत सगळ्यांना कळली. महाळुंग्यात म्हाडाच्या नव्या, ताबा न दिलेल्या इमारती कोविड केअर सेंटर झाल्या. नेहरूनगरच्या मगर क्रीडांगणावर जम्बो रुग्णालय उभं राहिलं. ज्या जागा सरकारच्या, पालिकेच्या हातात होत्या, त्याच संकटात कामी आल्या.

मग जागा राखायची कोणी? गावठाणात ग्रामपंचायत, शिक्क्यांच्या जमिनीवर एमआयडीसी, उरलेल्या शिवारावर 2015 साली स्थापन झालेलं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए. शेजारी चाकणला त्याच वर्षी नगरपरिषद झाली, तिची हद्द वेगळी. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या विकासात दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. पण दोन-चार गुंठ्यांवर उठणाऱ्या खोल्यांना हा नियम लागूच होत नाही, आणि मोठ्या सोसायटीतली बाग सोसायटीच्या फाटकाआड राहते. एमआयडीसीला तर ही नियमावलीच लागू नाही. पीएमआरडीएने 2021 मध्ये प्रारूप विकास आराखडा काढला, त्यावर हजारो हरकती आल्या आणि 2025 मध्ये शासनाने तो रद्द केला. हरकतींत तथ्य असेल, पण या वर्षांत बांधकामं कोणासाठी थांबली नाहीत. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीवर भिस्त ठेवणारे पुष्कळ भेटतात. तो निधी शाळेला बाक देतो, भिंती रंगवतो, व्यायामाची साधनं बसवतो. जमीन तो देऊ शकत नाही.

1997 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत आलेल्या चिखली, तळवडे, मोशी या गावांचा अनुभव आपल्यासमोर आहे. नव्या हद्दीचा आराखडा मंजूर व्हायला दहाहून अधिक वर्षं गेली, तोवर माणसांनी घरं बांधली होती. मग आरक्षण टाकलं की कोणाचं तरी घर जातं, आणि आरक्षण उठवलं की मैदान जातं.

ऑगस्ट 2025 मध्ये अजित पवारांनी चाकणच्या वाहतूक कोंडीची पाहणी केल्यावर या भागासाठी स्वतंत्र महापालिकेची चर्चा पुन्हा सुरू झाली. महापालिका होईल तेव्हा होईल. तोवर महाळुंगे आणि आसपासच्या गावांनी ग्रामसभेत एक काम करून ठेवावं: गायरान आणि गावकीच्या जेवढ्या जागा उरल्या आहेत त्यांची गट क्रमांकासह यादी करून, त्या मैदान, बाग, अभ्यासिका आणि सभागृहासाठीच राहतील असा ठराव घ्यावा. त्याची प्रत पीएमआरडीएला आणि एमआयडीसीला द्यावी, नव्या आराखड्याच्या सुनावणीत तीच पुढे ठेवावी. आणि त्या ग्रामसभेला खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरूंनाही बोलवावं, ती ठेवावी गुरुवारी संध्याकाळी.