असुरक्षित संबंध, तपासणी आणि मधले दिवस

कंडोम नव्हता, फाटला किंवा ऐनवेळी आठवलाच नाही. सकाळी पोटात गोळा येतो आणि मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. या विषयावर घरात बोलायची चोरी, फॅमिली डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे, मित्र चेष्टा करणार. मग ऐकीव गोष्टींवर दिवस काढले जातात. त्यातल्या काही उगाच घाबरवतात, तर काही नको तिथं निर्धास्त करतात. दुसरा प्रकार जास्त घातक.

‘उद्याच रक्त तपासून मोकळं व्हावं’ हा पहिला गैरसमज. दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट कालच्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही, तो त्याआधीच्या आयुष्याबद्दल सांगतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून तपासणीत सापडेपर्यंत मध्ये काही काळ जातो, त्याला विंडो पीरियड म्हणतात. प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्तावर होणारी चौथ्या पिढीची एचआयव्ही तपासणी विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधते. तिचा निकाल ४५ दिवसांनंतर पक्का धरता येतो. फक्त प्रतिपिंडं शोधणाऱ्या रॅपिड किटसाठी ९० दिवस थांबावं लागतं. म्हणून आपली तपासणी नेमकी कोणती, हे लॅबमध्ये विचारून घ्यावं.

तरीही दवाखान्यात लगेच जायचं, पण वेगळ्या कारणासाठी. जोडीदार एचआयव्हीबाधित असेल किंवा तशी दाट शक्यता असेल, तर संसर्ग रोखणारी औषधं मिळतात. त्यांना पेप म्हणतात. ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग, एचआयव्हीची औषधं देणारं एआरटी केंद्र किंवा एचआयव्हीवर उपचार करणारे डॉक्टर पेपची गरज आहे का, हे ठरवतात. पेप घेतली तर पुढच्या तपासणीच्या तारखाही त्यांच्याकडूनच घ्याव्यात, कारण वरचं गणित मग बदलतं. गर्भधारणेची भीती असेल तर दुकानात मिळणारी आपत्कालीन गोळीही ७२ तासांच्या आतच घ्यायची. ती गर्भधारणा टाळते, आजार नाही. ही गफलत फार जण करतात.

‘एकदा झालं म्हणजे लागण झालीच’ असं मनानं घेतलेलं असतं. जोडीदार एचआयव्हीबाधित असून उपचार घेत नसेल, तर एका योनीसंबंधातून स्त्रीला लागण होण्याचा सरासरी अंदाज दहा हजारांत आठ असा आहे, पुरुषाला त्याच्या निम्मा. गुदसंबंधात आत घेणाऱ्याचा धोका बराच जास्त, दहा हजारांत सुमारे १३८. जननेंद्रियावर जखम किंवा दुसरा लैंगिक आजार असेल तर तो आणखी वाढतो. म्हणजे धोका शून्य नाही, पण मनातल्या शंभर टक्क्यांच्या जवळपासही नाही. आणि नियमित औषधांनी ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही.

रात्री दोन वाजता आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून जीभ बघणारे, जबड्याखालच्या गाठी चाचपणारे लोक या काळात काय काय शोधून काढतात! एचआयव्हीच्या सुरुवातीला, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, ताप, घसादुखी, पुरळ अशी लक्षणं काहींना होतात, काहींना होतच नाहीत. आणि साध्या व्हायरल तापातही हेच सगळं होतं. घाम, छातीत धडधड, जुलाब हे नुसत्या काळजीनंही होतं. गाठ दिवसातून वीसदा दाबली तर ती दुखणारच. लक्षणांवरून ना हो म्हणता येतं, ना नाही.

‘सीबीसी नॉर्मल आली’ हा दिलासाही पोकळ आहे. त्यात रक्तपेशी मोजतात, एचआयव्ही दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे फुकटात तपासणी होईल म्हणून रक्तदान करणं. विंडो पीरियडमधलं रक्त तपासणीतून निसटू शकतं आणि दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतं. हे कृपा करून करू नका.

सगळी भीती एचआयव्हीभोवती फिरते, पण लैंगिक आजार तेवढा एकच नाही. सिफिलिसची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि आपोआप भरते, माणसाला वाटतं गेलं. आजार मात्र आतच राहतो. क्लॅमिडिया अनेक स्त्रियांमध्ये काहीच लक्षणं दाखवत नाही आणि पुढे गर्भनलिकांना इजा करतो. हे दोन्ही अँटिबायोटिकनं बरे होतात, फक्त मेडिकलवाल्याला विचारून नव्हे. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये यांची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आणि संबंधानंतर जंतुनाशकानं आतून धुणं थांबवा, नाजूक त्वचा सोलवटून धोका उलट वाढतो.

‘सरकारी दवाखान्यात गेलो तर गावभर होईल’ ही भीती पुष्कळांना महिनोन्महिने अडवते. तिथं प्रत्यक्षात होतं ते असं: केसपेपर काढायचा, आयसीटीसीची, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्राची, खोली विचारायची. आत समुपदेशक असतात. ते काय घडलं, कधी घडलं हे विचारतात, तपासणी समजावतात, संमती घेतात. ही उत्तरं ते रोज ऐकतात, तुमचं ऐकून त्यांच्या भुवया उंचावत नाहीत. थोडं रक्त घेतात, निकाल सहसा त्याच दिवशी तुमच्याच हातात देतात. एका किटवर रेघ आली म्हणून कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, आणखी वेगळ्या किटवर पडताळतात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करायला आणि मोजके अपवाद सोडता निकाल दुसऱ्याला सांगायला त्यात मनाई आहे. खासगी दवाखान्यालाही तो लागू आहे. निकाल पॉझिटिव्ह आलाच, तर एआरटी औषधं देशात २००४ पासून सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.

शेवटचा गैरसमज निगेटिव्ह आल्यानंतरचा: ‘लॅबची चूक असेल, अजून एकदा करू.’ योग्य दिवशी केलेली तपासणी निगेटिव्ह आली, मध्ये नवा धोका घेतला नाही, तर विषय संपला. पाचव्या लॅबमध्ये वेगळं काही निघणार नाही. तरीही झोप उडाली असेल, तर बऱ्याचदा बोचत असतो तो अपराधीपणा, आणि तो कुठल्याच रक्ततपासणीत सापडत नाही. त्यावर मानसोपचारतज्ज्ञाशी बोलण्याचा उपयोग होतो. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. तपासणीपर्यंतच्या दिवसांसाठी सांगायचं तर, तिची तारीख कॅलेंडरवर लिहा, तोवर कंडोमशिवाय संबंध टाळा आणि लक्षणं शोधणं बंद ठेवा.

एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ वर फोन लावा, तो मोफत आहे. आणि ७२ तास अजून उलटले नसतील, तर आधी रुग्णालय गाठा.