‘कोरोना बॅच’ची पदवी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महासाथीच्या काळात पदवी घेतलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मुलामुलींना आजही ‘कोरोना बॅच’ म्हणून हिणवले जाते. या शेऱ्यामागचे समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : परीक्षा न देताच पदव्या वाटल्या.
वस्तुस्थिती : अंतिम वर्षाची परीक्षा न घेण्याचा निर्णय राज्य सरकारने जून २०२० मध्ये घेतला होता, हे खरे. पण परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. हा जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो. विद्यापीठाने त्या ऑक्टोबरमध्ये अंतिम वर्षाची बहुपर्यायी परीक्षा घेतली. परीक्षेविना पुढे गेले ते आधीच्या वर्षांचे विद्यार्थी. त्यांचे निकालही अंतर्गत गुण आणि मागील सत्राची कामगिरी पाहून लावले गेले.

गैरसमज : हे दूरशिक्षणच होते, म्हणून पदवी दुय्यम.
वस्तुस्थिती : यात दोन चुका आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरशिक्षण देते. तिथे स्वयंअध्ययनाची पुस्तके, अभ्यासकेंद्रे, संपर्कसत्रे अशी आधीपासून आखलेली व्यवस्था असते. २०२० मध्ये मात्र वर्गातली तासिकाच घाईघाईने मोबाइलवर आली. अभ्यासक्रम नियमितच राहिला. शिवाय मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवीही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार नियमित पदवीशी समकक्ष आहे.

गैरसमज : मोबाइल तर सगळ्यांकडेच होते, मग अडचण कसली?
वस्तुस्थिती : राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातील ग्रामीण भागात जेमतेम १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि ४.४ टक्के घरांत संगणक. जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात तर फोन असूनही रेंज मिळवण्यासाठी धडपड करावी लागते. घरात एकच स्मार्टफोन असेल, तर धाकट्या भावंडांची शाळाही त्याच्यावरच.

गैरसमज : कॅमेरा बंद म्हणजे विद्यार्थी झोपलेला.
वस्तुस्थिती : तासाभराच्या व्हिडिओ वर्गाला अर्धा जीबी किंवा त्याहून जास्त डेटा सहज लागतो. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्या मुलाचा डेटा दोन-तीन तासिकांत संपणार. नुसत्या आवाजाला त्याच्या तुलनेत फार थोडा डेटा पुरतो. कॅमेरा बंद ठेवल्यामुळेच अनेकांना शेवटच्या तासापर्यंत टिकता आले.

नुकसान झाले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. प्रयोगशाळा, शेतावरची प्रात्यक्षिके, ग्रंथालय यांची भरपाई मोबाइलवर होत नाही. महाविद्यालये फेब्रुवारी २०२१ मध्ये थोडे दिवस उघडून पुन्हा बंद झाली. वर्ग पुन्हा भरू लागले ते २० ऑक्टोबर २०२१ पासून. ही उणीव व्यवस्थेची आहे, मुलांच्या कुवतीची नव्हे. ती भरून काढायला प्रशिक्षण लागते, टोमणे नव्हेत. मुलाखत घेणाऱ्यांनी गुणपत्रिकेवरचे साल पाहून उमेदवाराला बाद करू नये. त्याला काय येते, ते विचारावे.