रायफल कोणती घ्यावी?

भिवंडीत कुणी नवा माग बसवला, की शेजारी आधी विचारतो, "कापड कोणतं काढणार?" किमतीची चौकशी मागाहून. ग्रे कापडाच्या मागावर येवल्याची पैठणी निघत नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. पण २०२२ साली ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत दहा मीटर हवाई रायफलीचा जगज्जेता झाला, आणि तेव्हापासून हीच शहाणी माणसे मला विचारू लागली आहेत, "मुलासाठी एक चांगली रायफल सांगा हो!"

चांगली कशासाठी, ते कुणी सांगत नाही.

शिकारीच्या काळातही हा प्रश्न सुटत नसे. जिम कॉर्बेटसाहेबांजवळ दिवसभर रानात वागवायला हलकी .२७५ रिग्बी होती, आणि जवळून वाघ थोपवायला जड दुनळी जेफ्री. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती हौस संपली, ते उत्तमच झाले. आता नेम धरायचा तो कागदावर. पण कागदही सारखे नसतात.

दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर! छर्रा साडेचार मिलिमीटरचा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. इथे ताकदीचे कामच नाही. हवी ती स्थिरता, आणि बोट टेकताच सुटणारा चाप. नेमबाज उभा राहतो, कंबर किंचित मागे झुकवतो, डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो आणि रायफलीचा भार स्नायूंऐवजी हाडांवर सोपवतो. म्हणून थोडे वजन उपयोगीच पडते. नियमाने मर्यादा आहे साडेपाच किलोची.

पण ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे! बारा वर्षांच्या मुलीच्या हाती पूर्ण वजनाची रायफल दिली, तर ती तोल सावरायला पाठ वेडीवाकडी करते. तीच सवय अंगी मुरते आणि पुढे पाठ दुखू लागते. बापाला वाटते, मोठ्या माणसाची महाग रायफल घेतली म्हणजे दहा वर्षांची निश्चिंती. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवावा. रायफल शिवू नये. दस्ता लांब असला तर मूल खांदा मागे ओढते, गालाची पट्टी खाली असली तर मान वाकडी करते. दस्ता आखूड करता येईल, गालाची पट्टी वरखाली होईल, अशी हलकी रायफल बघावी.

पन्नास मीटरचे शास्त्र निराळे. तिथे .२२ ची गोळी, उघड्यावरचा वारा, आणि गुडघ्यावर, पालथे व उभे अशा तीन आसनांत तीच रायफल. पालथे पडून दंडाच्या पट्ट्याने ती जखडता येते. उभ्याने पट्टा चालत नाही. म्हणून आसन बदलले की दस्त्याची मागची पट्टी, गालाची पट्टी, हाताचा टेकू, सारे बदलावे लागते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, त्या एकट्या पालथ्या आसनाच्या स्पर्धेत. उलट स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिसला गुडघ्यावर आणि पालथ्याने मागे होते. उभ्याने वर सरकत ४५१.४ गुणांवर त्यांनी कांस्यपदक मिळवले. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला मिळालेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक! एकाच रायफलीची तीन रूपे त्यांना घड्याळाच्या काट्यावर जुळवावी लागली होती.

तेव्हा मी पालकांना सांगतो, पहिले वर्ष क्लबाची रायफल वापरू द्या. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, पनवेलला सुमा शिरूर शिकवतात. भिवंडीहून जायला अवघड खरे, पण अशक्य नाही. वाचलेले पैसे छर्‍यांवर आणि जाड जाकिटावर खर्च करा. मूल वर्षभर टिकले, तर त्याच्या अंगाचे माप घेऊन हवाई रायफल घ्या. .२२ ची गोष्ट त्यानंतर. तिला शस्त्रपरवाना लागतो, आणि त्या कागदपत्रांना लागणार्‍या वेळात मूल आणखी दोन इंच वाढलेले असते.